पिसं की चामडं?

हार्डवेअरच्या दुकानाच्या दाराशी पत्र्याची एक निळी पाटी टांगलेली आहे. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, "माळ्यावरचे पाहुणे सन्मानाने घालवून मिळतील. वटवाघळे, खारी, कबुतरे, उंदीर. पिल्लांच्या दिवसांत काम बंद." खाली नंबर आहे तो दुकानाचाच, कारण मामा मोबाइल वापरत नाही. छपरावर असताना खिशात काही थरथरलं की हात सुटतो, असं त्याचं म्हणणं. दोन मोबाइल त्याने तसे पाडले. तिसऱ्या वेळी मोबाइल राहील आणि आपण पडू, म्हणून तो नादच सोडला.

पाटीच्या अगदी तळाशी आता आणखी एक ओळ आहे. वेगळ्या रंगात, वेड्यावाकड्या अक्षरांत. गिऱ्हाइकं तिचा अर्थ विचारतात आणि दुकानात कुणी धड उत्तर देत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. उंच, काटकुळा, अंगात नेहमी दोन मापं मोठा शर्ट. छपराच्या कडेवर हात पसरून तोल सांभाळत उभा राहिला की खालून थेट शेतातलं बुजगावणं दिसायचा. त्यात धंदा भोकं बुजवायचा. गल्लीतल्या पोरांना एवढं पुरेसं होतं. "बुजगावणं आलं रे!" अशी आरोळी उठायची आणि मामा वरून ओरडायचा, "बुजगावण्याला पाखरं भितात, माकडं भीत नाहीत, ठाऊक आहे मला! उतरा त्या भिंतीवरून!" हळूहळू मोठी माणसंही त्याला त्याच नावाने हाक मारायला लागली आणि तोही ओ द्यायला लागला.

मुळात तो पत्रे ठोकणारा. कुणाच्या तरी घराचे पत्रे बदलताना आतून वटवाघळं निघाली, घरमालक काठी घेऊन धावला आणि मामाने त्याला शिडीवरूनच अडवलं. "स्वतःला उलटं टांगून घेऊन कुणाच्या अध्यात ना मध्यात राहणारा जीव," तो म्हणायचा, "त्याला काठी कशाला? जा म्हटलं तर जातो. फक्त म्हणायचं कसं ते कळायला हवं."

म्हणायची त्याची रीत ठरलेली होती. पहिल्या दिवशी शिडी लावायचीच नाही. दिवेलागणीला अंगणात मोडकी घडीची खुर्ची टाकून बसायचं आणि छपराकडे बघत राहायचं. कुठून बाहेर पडतात ते दिसलं की दुसऱ्या दिवशी वर चढून खात्री करायची. जिथे रोज अंग घासलं जातं तिथे लाकडावर तेलकट तपकिरी डाग पडलेला असतो. खाली लेंड्या असतात. उंदराच्या लेंडीसारख्याच दिसतात, पण काडीने दाबली की वटवाघळाची लेंडी भुगा होते आणि त्या भुग्यात किड्यांच्या पंखांचे तुकडे चमचमतात. मग बाकीच्या सगळ्या फटी बुजवायच्या आणि मुख्य भोकावर बारीक जाळीचा पडदा लावायचा. वरून आणि दोन्ही बाजूंनी ठोकलेला, खालून मोकळा. बाहेर पडणारं वटवाघूळ घसरत खाली येतं आणि जाळीखालून निसटून जातं. परत येताना मात्र ते सरळ जुन्या भोकावर झेपावतं आणि जाळीला आपटतं. खालून शिरावं हे त्याच्या डोक्यात येत नाही. थोड्याच दिवसांत माळा रिकामा होतो. मग जाळी काढायची आणि भोक कायमचं बंद करायचं.

या जाळीला मामा 'निरोप' म्हणायचा. "वरच्या आळीत निरोप लावून आलो," असं सहज सांगायचा. नवख्या माणसाला वाटायचं, कोण गेलं बिचारं?

पिल्लांच्या दिवसांत मात्र निरोप लावायचा नाही, हा त्याचा एकमेव नियम. उन्हाळ्याच्या शेवटी वटवाघळीला पिल्लू होतं, बहुधा एकच. ते उडायला लागेपर्यंत आई त्याला आत ठेवून बाहेर जाते आणि पाजायला परत येते. तेव्हा जाळी लावली तर आई बाहेर, लेकरू आत. पुढचं मामा सांगायचा नाही. दुसऱ्या कुणी अशा वेळी घाईने बंद केलेला माळा त्याने एकदा साफ केला होता. तो वास शर्टातून गेला नाही म्हणून शर्टच टाकून दिला, एवढंच माझ्या आईकडून कळलं.

आणि दुसरं म्हणजे त्याचा तो प्रश्न. लोक सांगायला यायचे, "माळ्यावर पाकोळ्या झाल्यात." आता पाकोळी म्हणजे कुणाला तो काळा, चपळ पक्षी वाटतो, तर कुणाला लहान वटवाघूळ. दोन्ही संध्याकाळी भिरभिरतात, दोन्ही फटीत राहतात. म्हणून मामा आधी विचारायचा, "पिसं की चामडं?" एका गिऱ्हाइकाने यावर "आम्ही शाकाहारी आहोत" असं उत्तर दिलं होतं. ही गोष्ट मामा प्रत्येक लग्नात सांगायचा.

मामी गेली तेव्हा त्यांची मुलगी नुकती पावलं टाकायला लागली होती. आईने मामाला परोपरीने सांगितलं, "माझ्याकडे दे तिला. माझी आहेच, दोघी एकत्र वाढतील." मामा म्हणाला, "ताई, तुझ्याकडे दिली तर मी घरी जाऊन करू काय?" तो तिला कामावर घेऊन जायला लागला. लोकांच्या अंगणात, शिडीपासून लांब, सावलीत चटई टाकून बसवायचा. ती बसणारी थोडीच! भिंतीवरून कट्ट्यावर, कट्ट्यावरून पायरीवर, सारखी भिरभिर. म्हणून तो तिला पाकोळी म्हणायचा. एकटा तोच. आम्ही सगळे तिला तिच्या नावाने हाक मारायचो आणि मामाचं ते नाव उसनं घेतलं तर ती चिडायची. लोकांच्या घरी मामाच कौतुकाने विचारायचा, "ही पाकोळी कुठली गं? पिसांची की चामड्याची?" ती ठसक्यात सांगायची, "बाबांची!"

मोठी झाली तरी बापलेकीचं बोलणं माळ्याच्याच भाषेत चालायचं. तिला यायला उशीर झाला की हा विचारायचा, "आज कुठल्या फटीतून आत आलात?" तो गप्प बसला की ती आम्हाला बजावायची, "बाबांनी जाळी लावलीय, कुणी आपटू नका." हसणं त्याच भाषेत आणि भांडणही त्याच भाषेत. बाहेरच्याला अर्धं कळायचं नाही.

तिने निवडलेला माणूस मामाला पसंत नव्हता. मामाची कारणं अगदीच खोटी नव्हती, पण ती सांगायची त्याची पद्धत वाईट होती. महिनाभर घर धुमसत होतं. शेवटी ती बॅग घेऊन उंबऱ्याशी आली. माझी आई तेव्हा तिथे होती. मामा खुर्चीतून उठला नाही. म्हणाला, "जायचं तर जा. पण समजून जा. निरोप लागलाय. बाहेर पडायला वाट आहे, आत यायला नाही."

"बरं," ती म्हणाली. चपला घालायला वाकली, त्यात एक पट्टा अडकला होता, तो सोडवायला तिला वेळ लागला. तेवढ्या वेळात तू एक शब्द बोलला असतास तर, असं आई नंतर मामाला कितीदा म्हणाली. 

ती कुठे गेली, कशी आहे, कुणाला कळलं नाही. माझं लग्न होऊन मी तोवर दुसऱ्या शहरात गेले होते. पुढे आईही गेली. मामा रोज संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानात जायचा आणि म्हाताऱ्या मालकाला विचारायचा, "फोन?"

"एक खार, दोन कबुतरं."

"बाकी?"

"बाकी काही नाही रे."

त्या 'बाकी'चा अर्थ म्हाताऱ्याला माहीत होता. दुकानाचा नंबर तिला लहानपणापासून पाठ होता. करायचा झाला तर ती तिथेच फोन करणार, हे दोघांनी कधी न बोलता धरलेलं होतं. मग म्हाताऱ्याने अंथरूण धरलं आणि त्याचा जावई गल्ल्यावर बसायला लागला. माणूस मनमिळाऊ, पण बोलघेवडा. सगळा बाजार त्याला जावईच म्हणतो, त्याची स्वतःची मुलगी लग्नाला आली तरी. मामाने "बाकी?" विचारलं की तो म्हणायचा, "बाकी मजेत! तुमचं?"

नवऱ्याच्या बदलीने मी या गावात परत आले ती उतरत्या छपराच्या एका जुन्या भाड्याच्या घरात. माझ्या मुलीला सर्दी-खोकला पाचवीला पुजलेला. राहायला आल्यावर काही दिवसांतच तिच्या खोलीच्या वर खसखस ऐकू यायला लागली आणि एका सकाळी तिच्या उशीजवळ काळ्या दाण्यासारखं काहीतरी सापडलं. मी मामाला निरोप धाडला, तर तो संध्याकाळी घडीची खुर्ची काखेत मारून आला.

"मामा, आजच्या आज काढ त्यांना."

"आली काळजीवाहू सरकार!" तो म्हणाला. लहानपणापासून तो मला हेच म्हणतो. "आज नाही, उद्या नाही. पिल्लांचे दिवस लागलेत."

"अरे, पोरगी खोकतेय माझी!"

"ऐकतोय ना. तिची खाट आधी पलीकडच्या खोलीत ने. छताच्या फटी मी आतून सगळ्या बुजवून देतो, दाणासुद्धा खाली येणार नाही. त्या तुझ्या घरात येणार नाहीत, तू त्यांच्या घरात जाऊ नकोस. तेवढे दिवस शेजारधर्म पाळ."

"आणि तिला काही झालं तर?"

मामा चेष्टेत काहीतरी बोलणार होता, पण माझ्याकडे बघून थांबला. "तुझं लेकरू तुला जड नाही ना?" तो म्हणाला. "तसंच वर आहे, सरकार. एकेकीला एकेक."

तो स्वतःही खोकत होता. उभ्या आयुष्यात माळे झाडताना त्याने तोंडाला फडकं बांधलं नव्हतं. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "मला फडकं बांधायला सांगणारी एकच होती, खालून चटईवरून." आणि माझ्या मुलीला जवळ ओढून छपराकडे बोट दाखवलं, "ते बघ, निघाली पहिली."

छताच्या फटींसाठी सामान आणायला दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. मामा जाळीचा तुकडा उजेडात धरून बघत होता, तेवढ्यात जावई म्हणाला, "अहो मामा, दुपारी फोन होता. स्टँडसमोरच्या लॉजवरून. पाकोळ्या परत आल्यात म्हणे."

मामाचा हात क्षणभर थांबला. तो शब्द ऐकला की दर वेळी थांबायचा. पण दिवसाआड कानावर पडणारा शब्द तो, हात लगेच पुढे सरकला. "लॉजवर मी कधी काम केलं?"

"केलं असेल. परत आल्यात म्हणाल्या बाई, म्हणजे पूर्वी असणार."

"पिल्लू आहे का विचारलंत?"

"म्हणजे काय! तुमचाच चेला मी. पिल्लू आहे का म्हटलं, तर जरा थांबल्या, मग म्हणाल्या, आहे, एक आहे."

"एकच असतं," मामा म्हणाला. पिसं की चामडं, हे त्याने विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. पिसं असोत नाहीतर चामडं, पिल्लू आहे म्हटल्यावर उत्तर एकच होतं.

"संध्याकाळी परत फोन करणार आहेत. काय सांगू?"

"सांगा, पिल्लू असताना मी हात लावत नाही. आत्ता नाही म्हणावं. आहे तिथेच राहू द्या. गार वारे सुटले की मी होऊन येईन."

मी शेजारीच उभी होते. मला त्यात माळाच दिसला, वटवाघळंच दिसली. आम्ही सामान घेतलं आणि घरी आलो.

ते दिवस मी मोजून काढले. मुलीचा खोकला कमी झाला, पण मी रात्री उठून तिच्या छातीला कान लावायची ते काही सुटलं नाही. मामा मधूनमधून संध्याकाळी यायचा, मुलीला मांडीवर घेऊन बसायचा. एकदा भोकातून एक पिल्लू बाहेर आलं, भेलकांडत अंगणात एक फेरी मारली आणि कसंबसं कौलांच्या कडेला जाऊन चिकटलं. मुलीने टाळ्या वाजवल्या. "आजोबा, ते पडेल!" मामा म्हणाला, "पडलं तरी आई बाहेरच आहे त्याची."

पुढे सगळी पिल्लं उडायला लागली, पहाटे गार वारं सुटलं आणि मामाने माझ्या छपराला निरोप लावला. चार पायऱ्या चढला की त्याला थांबावं लागत होतं. खाली उतरल्यावर शर्टाच्या बाहीने घाम पुसत म्हणाला, "आता माळा रिकामा होईपर्यंत इथे काम नाही. चल, लॉजवाल्या बाईकडे जाऊन येऊ. येतो म्हणून सांगितलंय." त्याला एकट्याला पिशवी उचलवणार नाही म्हणून मीही निघाले.

लॉज म्हणजे सिमेंटची तीन मजली पेटी. वर सपाट गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी. मामा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून मान वर करून बघत राहिला. "इथे कुठे राहणार त्या?" तो स्वतःशीच म्हणाला. "माळाच नाही."

काउंटरवरचा मॅनेजर हसला. "वटवाघळं? आमच्याकडे? साहेब, ढेकूण म्हणालात तर मी गप्प बसेन. वटवाघळं नाहीत."

"फोन आला होता इथून. बाई बोलत होत्या."

"आमच्याकडे बाई कुणी नाही. हां, या फोनवरून एका गिऱ्हाईक बाईंनी केला होता खरा. उन्हाळ्यात. बरोबर लहान मूल होतं, म्हणून लक्षात राहिल्या. त्या पायरीवर बसून होती दोघं. कुणाची तरी वाट बघत होत्या."

मामाने काउंटरची कड धरली.

"कुठल्या होत्या?" मी विचारलं.

"मीही विचारलं. म्हणाल्या, इथलीच आहे मी. मग लॉजवर कशाला, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण आपण कशाला बोला? संध्याकाळी परत फोन केला, फार बोलल्या नाहीत. फोन ठेवला आणि मूल विचारत होतं, कधी जायचं, कधी जायचं. तर त्या म्हणाल्या, आजोबांना आत्ता काम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेल्या."

"कुठली गाडी?"

"ताई, समोर स्टँड आहे. सकाळी सगळीकडच्याच गाड्या सुटतात."

मामाने एकच विचारलं, "मुलगा की मुलगी?"

मॅनेजरने आठवून बघितलं. "केस बारीक कापलेले होते. नक्की नाही सांगता येत."

तिथून मामा थेट दुकानात आला. मला वाटलं होतं तो जावयावर भडकेल. त्याने नुसतं विचारलं, "त्या लॉजवाल्या बाई नक्की काय म्हणाल्या होत्या? त्यांच्या शब्दांत सांगा."

जावई गोंधळला. "हेच की… पाकोळी परत आलीय, सांगा त्यांना."

"आलीय? की आल्यात?"

"आलीय म्हणाल्या. पण मामा, तुम्हीच म्हणता ना, एक दिसली की शंभर समजायच्या. म्हणून मी…"

"अजून काय?"

"आत यायला वाट आहे का विचारा, म्हणाल्या. मला वाटलं भोकाबद्दल बोलतायत. ते काय, तुम्ही बघणारच होतात."

"आणि संध्याकाळी तुम्ही काय सांगितलंत?"

"तुम्ही सांगितलं तेच. पिल्लू आहे तर आत्ता नाही म्हणाले. आहे तिथेच राहा… राहू द्या म्हणाले." जावयाचा आवाज बारीक झाला. "त्यांनी परत विचारलं, असंच म्हणाले का? मी म्हटलं, हो, हेच त्यांचे शब्द. त्या 'बरं' म्हणाल्या. काय झालं मामा? चुकलं का काही?"

"तुमचं नाही चुकलं," मामा म्हणाला आणि खिळ्यांच्या पोत्यावर बसला.

तिने नाव सांगितलं नाही, कारण बाजाराने आपल्याला ओळखू नये असं तिला वाटलं असेल. बापाला कळेल आणि दुसऱ्या कुणालाही कळणार नाही असं एकच नाव तिच्याकडे होतं, तेवढं तिने वापरलं. आणि उत्तर आलं तेही त्याच भाषेत. जी पिल्लांचा नियम चटईवर बसल्या बसल्या शिकली, तिला त्यात काय ऐकू आलं असेल? आत्ता कुणाला बाहेर काढू नका, ही दया? की आहेस तिथेच राहा? मी पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं, जाताना उंबऱ्यावर शेवटचं जे ऐकलं होतं, त्यालाच जोडून तिने हे ऐकलं.

आम्ही शोधलं. नवऱ्याने स्टँडवर कंडक्टरांना विचारलं, मी तिच्या जुन्या मैत्रिणींना गाठलं. एकीला एवढंच माहीत होतं की तो माणूस तिला सोडून गेला. म्हणजे ती आली होती ती पाहुणी म्हणून नव्हे. मामाला हे सांगू नये असं मला फार वाटलं, पण त्याने विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही. तो म्हणाला, "पसंत नव्हताच मला." त्यात जिंकल्याचा सूर नावालाही नव्हता.

त्याच आठवड्यात माझ्या छपरावरचं भोक बंद करायचं होतं. दुसऱ्या कुणाला बोलवते म्हटलं, तर मामा ऐकेना. काम अर्धं ठेवायचं नसतं म्हणाला. माळ्यावर चढला आणि त्याचा आवाजच बंद झाला. बंद करण्याआधी तो नेहमी आत बसून कानोसा घ्यायचा, कुणी मागे राहिलंय का. पण इतका वेळ कधी नाही. मुलगी शिडीच्या तळाशी, मी तिचा हात धरून. शेवटी मी हाक मारली, "मामा, आहे का रे कुणी?"

वरून उत्तर आलं. "कुणी नाही."

मग हातोडीचे ठोके ऐकू आले. उतरला तेव्हा त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं.

पाटीवरची शेवटची ओळ त्याने त्यानंतर स्वतः रंगवली. "पाकोळी असेल तर केव्हाही. पिल्लासकट." जावई हळूच म्हणाला, "मामा, लोकांचा घोटाळा होईल." आणि झालाच. आता ऐन पिल्लांच्या दिवसांतही फोन येतात. पाटीवर लिहिलंय ना, पाकोळी असेल तर केव्हाही, मग या की! मामा आता छपरावर चढू शकत नाही. कट्ट्यावर चढला तरी धाप लागते. दिवसभर दुकानात फोनशेजारी स्टूल टाकून बसतो. जावई गिऱ्हाइकांना त्याच्या बाजूने वळसा घालून सामान देतो, कुरकुर करत नाही. रिंग वाजली की मामाच उचलतो. पलीकडून कुणीतरी म्हणतं, "आमच्याकडे पाकोळ्या आल्यात."

पिसं की चामडं, हे तो आता विचारत नाही. "कुठून बोलताय?" म्हणतो. पत्ता ऐकतो, "येतो" म्हणतो आणि खरंच जातो, रिक्षाने, खुर्ची घेऊन. लोकांच्या अंगणात बसून संध्याकाळी छपराकडे बघतो, एकेक बाहेर पडताना पाहतो आणि घरच्यांना सांगतो, आत्ता काही करू नका, पिल्लं आहेत. लोक वैतागतात. एवढं सांगायला आलात होय, असं विचारतात.

मागच्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, "मामा, निदान फोनवर आधी नीट विचारून तरी घे. उगाच कशाला एवढी दगदग? त्या वटवाघळंच असतात."

"असतात ना," तो म्हणाला. "पण विचारायला गेलो, आणि तिने फोन ठेवला तर?"